दहा बाय दहाच्या खोलीत आवाज घुमतो. स्पीकर बदलावेत की जागा?

मांजराकाठ, लातूर

सर्वांना नमस्कार. एका अडचणीत सापडलो आहे आणि नवीन खर्च करण्यापूर्वी आपणा सर्वांचे मत घ्यावे असे वाटते.

वडिलांनी १९८९ साली घेतलेले दोन स्पीकर बॉक्स माझ्याकडे आहेत. प्रत्येकात खालच्या स्वरांसाठी आठ इंची वूफर आणि वरच्या बारीक स्वरांसाठी एक लहान ट्वीटर आहे. पेटी मागून पूर्ण बंद आहे, तिला भोक नाही. अहमदपूर तालुक्यातील आमच्या गावी माळवदाच्या घरात पाच खणांची एक लांब खोली होती आणि तीस वर्षे हे बॉक्स त्याच खोलीत वाजले. एकादशीला भजनाची कॅसेट लावली, की पखवाजाच्या दोन्ही तोंडांचे बोल वेगवेगळे ऐकू येत आणि टाळांच्या गजरातही अभंगाचा शब्द हरवत नसे. गेल्या वर्षी आम्ही लातूरला राहायला आलो. येथील खोली लांबीला दहा फूट, रुंदीला दहा फूट, आणि फरशीपासून स्लॅबपर्यंतची उंचीही जवळजवळ तेवढीच आहे. भिंती विटांच्या असून त्यांना सिमेंटचा गिलावा आहे आणि खाली शहाबादी फरशी आहे.

बॉक्स तेच, अ‍ॅम्प्लिफायर तोच, कॅसेटही त्याच. परंतु आता पखवाजाचा प्रत्येक ठोका एकाच सुरात घुमतो आणि तो घुमार विरण्याच्या आतच पुढचा ठोका येतो. गायकाचे शब्द त्यात बुडून जातात. बॉक्स एका भिंतीच्या दोन कोपऱ्यांत ठेवले आहेत आणि आम्ही बसतो तो सोफा समोरच्या भिंतीला, उजव्या कोपऱ्यात टेकलेला आहे. दोन वर्षांपूर्वी दोन्ही वूफरच्या कडेचा फोम गळून गेला होता, तो एका कारागिराकडून बदलून घेतला आहे. शहरातील एका दुकानात विचारले असता 'हे बॉक्स आता संपले, मोठे घ्या' असे सांगण्यात आले. वडिलांची वस्तू असल्यामुळे मन तयार होत नाही. काय करावे?

तेरणाकाठ, धाराशिव

मोठे बॉक्स मुळीच घेऊ नका. जी खोली आठ इंची वूफरला सहन करत नाही, ती बारा इंचीला कशी करील? माझ्या मते दोष गिलाव्याचा आणि फरशीचा आहे. माळवदाला लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि वर हातभर पांढरी माती असते. ती माती आवाज पिऊन टाकते. आमच्या भागात ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर दगडमातीची जड घरे बहुतेकांनी उतरवली, त्यामुळे आता तुलना करण्यासाठी जवळपास माळवद उरलेले नाही. परंतु लहानपणी अशा घरांत ऐकलेल्या गाण्याचा मऊपणा मला अजून आठवतो. आपण भिंतींवर दोन-चार जाड वाकळा टांगून पाहाव्यात.

सोल्डर, छत्रपती संभाजीनगर

मांजराकाठ, आपण दिलेल्या मापांतच बरेचसे उत्तर आहे. मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांना ध्वनिशास्त्राचे प्राथमिक प्रयोग शिकवले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

समोरासमोर असलेल्या दोन टणक भिंतींमध्ये ध्वनीची लाट ये-जा करते. ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी त्या दोन भिंतींतील अंतराएवढी असते, तो स्वर खोलीत अडकून उभा राहतो. २५ अंश तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर असतो. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, त्याच्या दुपटीने वेगाला भागले, की सुमारे ५७ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५७ कंपने, हे उत्तर येते. त्याच्या दुपटीचा, म्हणजे ११४ हर्ट्झचा स्वरही तसाच अडकतो. प्रत्येक खोलीला असे स्वर असतात आणि त्यांत गैर काही नाही. ज्या खोलीची लांबी पंधरा फूट, रुंदी अकरा फूट आणि उंची नऊ फूट असते, तिथे हे स्वर वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले असतात आणि कोणताही एक फार उठून दिसत नाही. आपल्या खोलीत मात्र लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशांचे स्वर एकाच ठिकाणी येऊन एकमेकांवर बसतात. घनाकार खोली ही ऐकण्यासाठी सर्वांत अवघड खोली मानली जाते, ती याच कारणाने.

त्यातच बॉक्स कोपऱ्यांत आहेत. कोपऱ्यात हे सर्व अडकणारे स्वर सर्वाधिक जोमाने उठतात आणि भिंतीला टेकून बसणाऱ्याला ते सर्वाधिक जोमाने ऐकू येतात. आपण नेमक्या या दोन्ही जागा निवडल्या आहेत.

तेरणाकाठ, धाराशिव

सर, मग माझ्या वाकळांचा उपयोग होणार नाही का?

सोल्डर, छत्रपती संभाजीनगर

होईल, परंतु या तक्रारीवर नाही. कापड किंवा कापूस भिंतीला लावून एखादा स्वर चांगला शोषून घ्यायचा, तर त्याची जाडी त्या स्वराच्या तरंगलांबीच्या चौथ्या भागाच्या आसपास लागते. एक इंच जाडीची वाकळ साडेतीन हजार हर्ट्झ आणि त्यापुढच्या स्वरांवर चांगले काम करते. म्हणजे टाळांचा आणि 'स', 'श' या अक्षरांचा कर्कशपणा ती कमी करील. ११४ हर्ट्झसाठी हाच हिशेब केला, तर अडीच फूट जाडीची वाकळ लागेल. पातळ वाकळांनी चारही भिंती झाकल्या, तर वरचे स्वर नाहीसे होतील आणि घुमार तसाच राहील. गाणे अधिकच कोंदट वाटेल.

माळवदाच्या मातीबद्दल आपले म्हणणे मी खोडून काढत नाही. लाकडी छत आणि भुसभुशीत माती खालचे स्वर काही प्रमाणात नक्कीच जिरवत असणार. परंतु पाच खणांच्या त्या खोलीची लांबी, रुंदी आणि उंची एकमेकींपासून पुष्कळ वेगळी होती, भिंती ओबडधोबड होत्या, त्यांत कोनाडे होते, आणि दार ओसरीकडे सदैव उघडे असणार. मला या गोष्टींचे श्रेय मातीहून अधिक वाटते.

मध्यमलहरी, परभणी

एक सोपी परीक्षा सुचवतो. घरात जुना लाकडी कॅबिनेटचा रेडिओ असेल, तर तो त्याच खोलीत लावून पाहा. माझ्याकडे वाल्व्हचा एक रेडिओ आहे आणि त्याच्या कॅबिनेटची मागची बाजू उघडी असते, त्यामुळे फार खालचे स्वर त्यातून येतच नाहीत. अशा रेडिओवर बातम्या आणि कीर्तन स्वच्छ ऐकू आले आणि आपल्या बॉक्सवर मात्र घुमार आला, तर दोष खोलीच्या खालच्या स्वरांत आहे हे निश्चित होईल. रेडिओवरही शब्द अस्पष्ट वाटले, तर भिंतींचे परावर्तन हे दुसरे कारण समजावे.

मांजराकाठ, लातूर

मध्यमलहरी, रेडिओ माझ्याकडे आहे. लावून पाहिला. शब्द बऱ्यापैकी स्वच्छ आहेत, थोडी टणटण आहे. खोलीच्या मध्यभागी टाळी वाजवली असता मागे एक बारीक तरंग उमटतो.

मध्यमलहरी, परभणी

तो तरंग म्हणजे समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये टाळीचा आवाज वेगाने ये-जा करतो तो. तेथे तेरणाकाठ यांच्या वाकळा नेमक्या उपयोगी पडतील, आणि त्याही चारही भिंतींवर लावण्याची गरज नाही. समोरासमोरच्या दोहोंपैकी एका भिंतीवर पुरे. पुस्तकांचे उघडे कपाट असेल तर ते अधिक चांगले.

बिंदुसरा, बीड

मी पेटी, म्हणजे हार्मोनियम, शिकवते. सोल्डर सरांनी सांगितलेले हर्ट्झ ज्यांच्याकडे मोजण्याचे साधन नाही त्यांना कसे समजणार, असा विचार करत होते, आणि लक्षात आले की साधन बहुतेक भजनी मंडळांकडे असतेच.

खर्ज सुरांची पेटी खोलीत ठेवा. खर्जाच्या सप्तकातील एकेक पट्टी दाबून भाता सारख्या दाबाने चालवा, आणि घरातील दुसऱ्या माणसाला भिंतीजवळ उभे करा. बहुतेक स्वर सारख्या मोठेपणाने ऐकू येतील. एखादा स्वर मात्र अचानक फुगेल आणि पट्टी सोडल्यावरही क्षणभर खोलीत राहील. खर्जातील पांढरी सहा, म्हणजे सहावी पांढरी पट्टी, ११० हर्ट्झची आणि तिच्या पुढची काळी पाच, म्हणजे पाचवी काळी पट्टी, साडेएकशेसोळा हर्ट्झची असते. सरांचे ११४ हर्ट्झ या दोन पट्ट्यांच्या मध्ये पडतात. त्यामुळे आपल्या खोलीत या दोहोंपैकी एक, किंवा दोन्ही, फुगायला हव्यात.

ध्वनिमुद्रणाची परीक्षा करायची असेल, तर तबल्यातील डग्गा ऐका. चांगल्या वादकाने डग्ग्यावर मनगट सरकवले, की स्वर खालून वर अखंड चढत जातो. ज्या खोलीत एक स्वर अडकतो, तेथे ती मींड मध्येच एका जागी फुगते आणि पुन्हा बारीक होते. माझ्या विद्यार्थिनींना मी सांगते, की स्पीकर चांगला आहे की नाही हे ठोक्याच्या जोरावरून ठरवू नये. मींड अखंड राहते की नाही हे पाहावे.

सोल्डर, छत्रपती संभाजीनगर

बिंदुसराताई, ही युक्ती मला इतक्या वर्षांत सुचली नव्हती. आपल्या परवानगीने तिच्यात एक भर घालतो. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो. प्रत्येक अंशामागे सेकंदाला सुमारे ०.६ मीटर. हिवाळ्यात खोलीत १५ अंश असताना मांजराकाठ यांच्या खोलीचा दुसरा स्वर सुमारे ११२ हर्ट्झ असेल, म्हणजे पांढरी सहाच्या जवळ. मे महिन्यात दुपारी खोलीत ४० अंश झाले, की तोच स्वर साडेएकशेसोळाच्या आसपास चढेल आणि काळी पाचवर जाऊन बसेल. लातूरच्या उन्हाळ्याला खोलीची पट्टी बदलते असे म्हणता येईल.

रंधा, सेलू

गणित समजले. आता बॉक्स कुठे ठेवायचे ते कोणीतरी फुटांत सांगावे. मी लाकडाचे काम करणारा माणूस आहे, मला माप लागते.

सोल्डर, छत्रपती संभाजीनगर

अडीच फूट. हे एकच माप लक्षात ठेवावे, आणि त्याचे कारण असे.

दहा फुटांच्या अंतरात ११४ हर्ट्झचा स्वर उभा राहतो, तेव्हा त्याचा दाब दोन्ही भिंतींजवळ आणि बरोबर मध्यभागी सर्वाधिक असतो. दोन्ही भिंतींपासून अडीच फुटांवर, म्हणजे अंतराच्या चौथ्या भागावर, तो जवळजवळ शून्य असतो. त्या जागी ठेवलेला स्पीकर तो स्वर उठवू शकत नाही आणि त्या जागी बसलेल्या माणसाला तो ऐकू येत नाही.

म्हणून प्रत्येक बॉक्सचा वूफर बाजूच्या भिंतीपासून अडीच फूट आणि मागच्या भिंतीपासून अडीच फूट ठेवावा. दोन बॉक्समधील अंतर आपोआप पाच फूट होईल. ऐकणाऱ्याने दोहोंच्या बरोबर मध्यरेषेवर, पाठीमागच्या भिंतीपासून डोके अडीच फूट पुढे येईल असे बसावे. म्हणजे तो बॉक्सच्या रेषेपासून पाच फुटांवर येईल आणि प्रत्येक बॉक्सपासून साडेपाच फुटांच्या थोडे पलीकडे. बॉक्स आणि श्रोता यांचा त्रिकोण जवळजवळ समभुज होईल, जो दोन स्पीकरच्या श्रवणासाठी तसाही चांगला मानतात.

उरली उंची. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे कान फरशीपासून साडेतीन फुटांच्या आसपास असतात. गादीवर मांडी घालून बसले, तर ते सुमारे अडीच फुटांवर येतात. माझी सूचना आहे, की सोफा दुसऱ्या खोलीत न्यावा आणि या खोलीत भारतीय बैठक घालावी. ट्वीटर कानांच्या उंचीवर आणि वूफर त्याच्या शक्य तितका जवळ येईल अशा घडवंचीवर बॉक्स ठेवावेत.

५७ हर्ट्झचा पहिला स्वर यातून पूर्ण जात नाही, कमी होतो. परंतु बॉक्स मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर असल्यामुळे रुंदीच्या दिशेचा तो स्वर एका बॉक्सकडून जितका उठतो, तितकाच दुसऱ्याकडून दाबला जातो.

खोलीत दार, खिडकी, कपाट असते, त्यामुळे प्रत्यक्ष जागा या मापांपासून काही इंच इकडेतिकडे होईल. मापाने सुरुवात करावी आणि कानाने शेवट करावा.

तेरणाकाठ, धाराशिव

मध्येच एक विचारतो. इतके पुढे आणून ठेवल्यावर खालचा आवाज कमी पडणार नाही का? अ‍ॅम्प्लिफायर अधिक वॅटचा घ्यावा लागेल असे वाटते.

सोल्डर, छत्रपती संभाजीनगर

नाही. जुन्या घरगुती बॉक्सचा आवाज एक वॅटला एक मीटर अंतरावर ८६ डेसिबल जरी धरला, तरी १६ वॅटला तो ९८ होतो, कारण वॅट दुप्पट केल्यावर तीनच डेसिबल वाढतात. श्रोता दोन मीटरांच्या आत बसला आहे. दहा फुटांच्या खोलीत इतक्या मोठ्याने कोणी ऐकू नये.

मांजराकाठ, लातूर

सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. रविवारी धाकट्या भावाला बोलावून सर्व केले. सोफा बाहेर काढला, गादी आणि सतरंजी घातली, बॉक्स दोन स्टुलांवर ठेवून फूटपट्टीने अडीच फूट मोजले. शेजारच्या मंडळाची पेटीही आणली. बिंदुसराताई, खर्जातील काळी पाच कोपऱ्यात अशी फुगली की आई स्वयंपाकघरातून विचारायला आली. त्या वेळी खोलीत ३९ अंश होते. पांढरी सहा थोडीच वाढली. गादीवर ठरलेल्या जागी डोके आणले, की काळी पाच इतर स्वरांसारखीच झाली. हे प्रत्यक्ष कानांनी अनुभवताना फार आनंद झाला.

मात्र कॅसेट लावल्यावर एक नवीन अडचण दिसली, आणि ती मला समजत नाही. घुमार जवळजवळ गेला आहे, परंतु त्याबरोबर खालचा आवाजही गेला आहे. पखवाज दूर कुठेतरी वाजतो असे वाटते. गायकाचा आवाज दोन बॉक्सच्या मधोमध यायला हवा, तो कुठेच स्थिर उभा राहत नाही; दोन्ही कानांच्या बाहेर पसरल्यासारखा वाटतो. मान थोडी डावीकडे नेली, की खालचा आवाज परत येतो.

रंधा, सेलू

फोम बदलला तेव्हा वूफर बाहेर काढले होते ना?

सोल्डर, छत्रपती संभाजीनगर

रंधा यांनी एका प्रश्नात नेमके बोट ठेवले आहे. मांजराकाठ, एका वूफरच्या तारा उलट जोडल्या गेल्या असाव्यात अशी मला जवळजवळ खात्री वाटते. दोन वूफरपैकी एक पुढे येताना दुसरा मागे जात असेल, तर मध्यरेषेवर दोघांचे खालचे स्वर एकमेकांना पुसून टाकतात. आपण आतापर्यंत कोपऱ्यातील सोफ्यावर बसत होतात, म्हणून हे लक्षात आले नाही. इतकेच नव्हे, तर उलट जोडलेले दोन वूफर रुंदीच्या दिशेचा ५७ हर्ट्झचा स्वर दाबण्याऐवजी दोन्ही बाजूंनी मिळून उठवतात. कोपऱ्यातील घुमारात या चुकीचाही वाटा होता.

तपासणी अशी करावी. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून बॉक्सच्या तारा त्यापासून पूर्ण सोडवाव्यात. घड्याळात घालतो तो दीड व्होल्टचा सेल घ्यावा. त्याचे धन टोक बॉक्सच्या लाल टोकाला आणि ऋण टोक काळ्या टोकाला क्षणभरच टेकवावे, आणि वूफरचा कोन, म्हणजे समोरचा शंकूसारखा पडदा, कोणत्या दिशेला सरकतो ते पाहावे. सामान्यतः तो बाहेर येतो. काही कंपन्यांच्या जुन्या स्पीकरमध्ये तो आत जातो, त्यात बिघडलेले काही नाही. दोन्ही बॉक्सची दिशा सारखी असणे महत्त्वाचे.

दिशा वेगळी निघाली, तर बॉक्सच्या मागच्या तारा उलट करून काम संपवू नये. तसे केल्यास वूफर सुधारेल, पण त्या बॉक्सचा ट्वीटर उलटा होईल. पेटी उघडून वूफरच्याच दोन तारा बदलाव्यात.

रंधा, सेलू

पेटी उघडणारच आहात, तर आत काय भरले आहे ते पाहून येथे लिहा. त्या काळातील पुष्कळ पेट्यांत कापूस भरलेला असे. आपल्याकडे कापसाला काय तोटा. पिंजलेला कापूस ज्याच्या-त्याच्या घरी असायचा. परंतु कापूस काही वर्षांत बसतो, त्याचे गोळे होऊन पेटीच्या तळाशी पडतात आणि वूफरच्या मागचा भाग उघडा राहतो. लोकर कापसापेक्षा अधिक काळ फुललेली राहते. इंग्लंडमध्ये आर्थर बेली यांनी १९६५ साली लांब नळीच्या पेटीचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात लांब धाग्याची लोकरच वापरली होती. आपल्या हवेत लोकरीला कसर लागते, हा तिचा दोष. म्हणून मी उशांत भरतात तो कृत्रिम धागा वापरतो. तो हाताने मोकळा करून सैल भरावा, ठासू नये. बंद पेटीत आतला धागा योग्य भरला, की वूफरला ती पेटी तिच्या मापापेक्षा थोडी मोठी भासते आणि खालचा स्वर अधिक गोल येतो.

आणखी एक. वूफर परत बसवताना त्याच्या कडेखाली पातळ फोमची पट्टी लावा. बंद पेटीचे सगळे काम आतल्या हवेच्या स्प्रिंगवर चालते. एडगर व्हिलचर यांनी १९५४ साली अमेरिकेत ही कल्पना बाजारात आणली, तेव्हापासून तिचा नियम तोच आहे. फटीतून हवा निसटली, तर स्प्रिंग ढिली पडते. स्क्रू समोरासमोरचे घ्या आणि थोडे-थोडे आवळा, नाहीतर वूफरची चौकट वाकते.

मांजराकाठ, लातूर

सोल्डर सर, रंधाभाऊ, आपले निदान अचूक निघाले. डाव्या बॉक्सचा कोन सेल लावताच बाहेर आला आणि उजव्याचा आत गेला. पेटी उघडून वूफरच्या तारा बदलल्या. आतला कापूस रंधाभाऊंनी लिहिल्याप्रमाणे तळाशी गोळा झाला होता आणि पिवळा पडला होता. तो काढून उशीचा धागा भरला. फोमची पट्टी लावली. मग दोन्हींचे कोन पुन्हा एकदा तपासले. दोन्ही बाहेर आले.

त्या रात्री वडिलांच्या काळातील एक कॅसेट लावली. गावातील सप्ताहात कोणीतरी साध्या टेपवर भरून घेतलेली आहे, तिच्यात खरखर पुष्कळ आहे. गायकाचा आवाज समोरच्या भिंतीवर दोन बॉक्सच्या बरोबर मधोमध उभा राहिला. पखवाजाच्या कणीक लावलेल्या तोंडाचा ठोका आणि शाईच्या तोंडाचा बोल वेगळा झाला. मागे साथ करणाऱ्यांत एक जाड आवाज आहे; तो आमच्या चुलत्यांचा आहे हे आईने ओळखले. नव्या घरात आल्यापासून तो आवाज आम्हाला त्या कॅसेटवर वेगळा ऐकू आलाच नव्हता.

आता एकच शंका राहिली. पेटी उघडली तेव्हा ट्वीटरच्या तारेत एक लहान कपॅसिटर दिसला. त्यावर ३.३ मायक्रोफॅरॅड असे लिहिले आहे आणि त्याचे प्लास्टिक वेष्टन आक्रसले आहे. भावाचे म्हणणे आहे, की मोठा कपॅसिटर लावला तर ट्वीटर अधिक भरून वाजेल.

सोल्डर, छत्रपती संभाजीनगर

भावाला सांगावे, की कपॅसिटरचे मायक्रोफॅरॅडचे माप बदलू नये. हा कपॅसिटर खालचे स्वर ट्वीटरपर्यंत पोहोचू देत नाही. आठ ओहमच्या ट्वीटरबरोबर ३.३ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर साधारण ६००० हर्ट्झपासून वरचे स्वर मोकळे सोडतो. तेथे ६.८ चा लावला, तर ही सीमा ३००० हर्ट्झच्या खाली उतरते, ट्वीटरला त्याच्या ताकदीबाहेरचे काम करावे लागते आणि त्याची बारीक तार जळण्याची भीती असते. जुना कपॅसिटर मात्र बदलावा. विद्युतद्राव असलेले कपॅसिटर उष्णतेने आतून वाळतात. दहा अंश तापमान वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होते, असा त्यांचा ढोबळ हिशेब आहे, आणि या कपॅसिटरने मराठवाड्याचे पस्तीसहून अधिक उन्हाळे पाहिले आहेत. त्याच मापाचा, म्हणजे ३.३ मायक्रोफॅरॅडचा, १०० व्होल्टचा, फिल्म प्रकारचा घ्यावा. तो वाळत नाही आणि त्याला धन-ऋण बाजू नसते. दोन्ही बॉक्समध्ये एकाच वेळी बदलावा, म्हणजे दोन्ही ट्वीटर सारखे वाजतील.

मध्यमलहरी, परभणी

टाळीचा तरंग गेला का?

मांजराकाठ, लातूर

उजव्या भिंतीवर आईने शिवलेली एक वाकळ टांगली आणि डाव्या भिंतीला पुस्तकांचे कपाट लावले. फरशीवर बॉक्स आणि गादी यांच्या मध्ये घोंगडी अंथरली. तरंग आता ऐकू येत नाही. वाकळ कुठे टांगावी हे ठरवण्यासाठी भावाने भिंतीवर आरसा सरकवला आणि मी गादीवर बसून पाहत राहिलो. ज्या जागी आरशात बॉक्सचा ट्वीटर दिसला, तेथे वाकळेचा मध्य आणला. ही रीत त्याने कुठेतरी वाचली होती.

वेरूळवाट, खुलताबाद

हा सर्व संवाद मी गेले काही दिवस शांतपणे वाचत होतो. तरंगाचा विषय निघाला म्हणून लिहितो. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरलेल्या आहेत. दिसायला ते लाकूड आहे, पण आवाजासाठी तो अखंड दगडच आहे. तेथे एकच स्वर लांबवून लावला, तर तो तोंड मिटल्यावरही वर फिरत राहतो आणि अंगावर काटा येतो. परंतु त्याच ठिकाणी भरभर बोललेले वाक्य दहा पावलांवर समजत नाही. संथ पठणाला ती वास्तू अनुकूल आहे, द्रुत तानेला नाही. मांजराकाठ यांच्या घरातील पखवाज ज्या कारणाने बुडत होता, त्याचे नातेवाईक कारण तेथे दगडात पाहायला मिळते. सोल्डर सर, आपण जवळच राहता. एखाद्या सकाळी गर्दी होण्याच्या आत बरोबर जाऊ.

सोल्डर, छत्रपती संभाजीनगर

अवश्य येईन.

तेरणाकाठ, धाराशिव

माझी खोली बारा बाय दहा आहे, उंची साडेनऊ. लांबीला चौथा भाग म्हणजे तीन फूट आणि रुंदीला अडीच फूट धरून उद्या बॉक्स हलवून पाहतो. सेलही तयार ठेवला आहे, कारण माझ्याही एका वूफरची दुरुस्ती मागच्या वर्षी झाली होती.

बिंदुसरा, बीड

मांजराकाठ, पेटी परत करण्यापूर्वी एक विनंती आहे. पहाटे खोली सर्वांत थंड असते, तेव्हा एकदा काळी पाच आणि पांढरी सहा या दोन पट्ट्या पुन्हा वाजवून पाहाव्यात. सरांचे गणित खरे असेल, तर काळी पाचचा फुगवटा पहाटे थोडा उतरलेला असेल.

मांजराकाठ, लातूर

ताई, आज पहाटे साडेपाचला पाहिले. खोलीत २८ अंश होते. कोपऱ्यात काळी पाच दुपारपेक्षा कमी फुगली आणि पांढरी सहा किंचित वाढली, असे मला आणि भावाला दोघांनाही वाटले. फरक लहान आहे. पेटी मंडळाला परत केली आहे, पण ती पुन्हा मिळेल असे सांगून ठेवले आहे. डिसेंबरमध्ये खोली १५ अंशांपर्यंत उतरली, की हीच दोन सुरांची परीक्षा घेऊन येथेच लिहीन.